वाणांत आलेली लाल माळ

जुन्या घरांतील दागिन्यांची पेटी उघडली म्हणजे सोनें वर येतें आणि कांच तळाशीं राहते. सोन्यास तराजू आहे, सराफ आहे, रोजचा भाव आहे. त्याचा निवाडा दोन घटकांत होतो. कांचेच्या मण्यांस यांपैकीं कांहींच नाहीं, आणि म्हणूनच कीं काय, घरांतील कथा त्यांच्याभोंवतीं अधिक सांचतात. गेल्या वर्षीं आमच्या थोरल्या काकू वारल्या. त्यांचें वर्षश्राद्ध आटोपल्यावर सर्वांच्या समक्ष पेटी उघडली. पाटल्या, बोरमाळ, नथ यांची वांटणी काकूंनीं स्वतःच चिठ्ठ्या लिहून करून ठेवली होती. चिठ्ठी नव्हती ती फक्त मलमलीच्या एका पुरचुंडीस. तींत तीन माळा निघाल्या : एक लाल मण्यांची, एक बारीक काळ्या पोतीची, आणि एक पैलूदार हिरव्या मण्यांची.

लाल माळेची कथा आम्हीं लहानपणापासून ऐकलेली. दुसऱ्या बाजीरावांच्या कारकीर्दींत पुण्यांतील एका सरदारांच्या वाड्यावर आमचे एक पूर्वज अनुष्ठानास बसत. त्यांच्या पत्नीस चैत्रांतील हळदीकुंकवाच्या वेळीं ही माळ वाणांत मिळाली, आणि सासूकडून सुनेकडे अशी ती काकूंपर्यंत आली. काकू मंगळागौरीस ती गळ्यांत घालीत आणि घरांत येणाऱ्या प्रत्येक नव्या सुनेस ही कथा न चुकतां सांगत. मध्यंतरीं आमच्या पुतण्यानें ती माळ जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्यास दाखविली. त्यानें दोन बोटांत ती फिरवून ‘व्हेनिसचा माल, दोनशें वर्षांचा’ असें सांगून टाकलें आणि किंमतहि बरी बोलला. माजघरावरचें छप्पर तीन पावसाळे गळत आहे. तेव्हां माळ विकून कौलें फिरवावीं, असें पुतण्याचें म्हणणें. ‘पेशव्यांच्या वेळचें वाण विकून कौलें घालायचीं नाहींत,’ असें धाकट्या काकूंचें म्हणणें. विकावी कीं ठेवावी याविषयीं घरांत दोन तट पडले, परंतु माळेच्या वयाविषयीं दोहों तटांचें संपूर्ण एकमत होतें. आणि नेमकी हीच गोष्ट आम्हांस खटकली. व्यापाऱ्यास ती जुनी हवी होती आणि काकूंसहि ती जुनीच हवी होती. माळेस मात्र कोणीं कांहीं विचारलें नव्हतें. शेवटीं तिन्ही माळा एक महिन्याकरितां आमच्या स्वाधीन झाल्या.

पहिला प्रश्न असा कीं, मणी कांचेचे आहेत काय? हा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नव्हे. कांचेचा मणी गालास लावला तर गार लागतो आणि लवकर ऊन होत नाहीं. सेल्युलॉइडचा किंवा बेकेलाइटचा लागलीच कोंबट होतो व हातासहि हलका लागतो. बेकेलाइट १९०७ सालच्या शोधानंतरचें, एवढें ध्यानांत ठेवलें तरी कित्येक ‘पणजीबाईंच्या’ माळांचा निकाल तेथेंच लागतो. दुसरा एक फसवा प्रकार आहे. १८४० सालीं रिचर्ड प्रॉसर या इंग्रज गृहस्थानें मातीची बारीक पूड साच्यांत दाबून गुंड्या करण्याची रीत काढली, आणि पुढें फ्रान्समध्यें बाप्तेरोस याच्या कारखान्यांत त्याच रीतीचे मणी ढिगांनीं होऊं लागले. ते इतके तकतकीत असतात कीं जाणतेहि त्यांस कांच म्हणतात. पण त्यांच्या कमरेभोंवतीं एक उंचवटा हातास लागतो आणि एका टोंकाचा पृष्ठभाग खरबरीत असतो. खोट्या मोत्यांची गोष्ट निराळीच. पॅरिसमध्यें सतराव्या शतकांत कांचेचे पोकळ मणी फुंकून त्यांत माशांच्या खवल्यांपासून केलेलें पाणी भरीत व वर मेण ओतीत. खरें मोतीं दांतावर हलकेंच घांसलें असतां किरकिरतें, कांचेचें सुळकन घसरतें. आमच्या वाचकभगिनींपैकीं ज्यांच्या नथा आजेसासूबाईंच्या आहेत त्यांनीं हा प्रयोग एकांतांत करावा, असें आम्ही सुचवूं.

कांच आहे एवढें ठरलें म्हणजे तिच्या रंगाकडे किंवा नक्षीकडे न पाहतां प्रथम भोंकाकडे पाहावें. जवाहिऱ्याचें दहापटीचें भिंग पुरतें. मणी कसा झाला हें भोंक सांगतें, आणि कसा झाला यावरूनच कोठें व केव्हां झाला याचा अदमास करतां येतो. याहून सरळ वाट नाहीं. पोकळ कांचेची नळी ओढून तिचे तुकडे केले असतील, तर कांचेंतील सूक्ष्म बुडबुडे व रेषा भोंकाच्या दिशेनें लांबट धांवतात. तापलेली कांच सळईभोंवतीं गुंडाळून मणी केला असेल, तर त्याच रेषा भोंकास वेढे घालतात. सळई लोखंडाची असली तर आंत काळपट कीट राहतें. व्हेनिसचे कारागीर दिव्याच्या ज्योतीवर तांब्याच्या तारेभोंवतीं मणी करीत आणि मागाहून ती तार तेजाबांत विरघळवीत. त्यामुळें त्यांचें भोंक बारीक व गुळगुळीत असतें. अलीकडचे कारागीर सळईस माती फांसतात. तिची पांढरी भुकटी भोंकांत दिसली तर मणी जुना असण्याची आशा सोडावी. आणि चिमट्याच्या साच्यांत दाबून केलेल्या मण्यास शिवण असते. पैलू घांसतांना ती पोटावरून नाहींशी होते, पण भोंकाजवळ बहुधा तिचा माग राहतो.

नळी ओढण्याच्या विद्येविषयीं थोडें विस्तारानें लिहिलें पाहिजे, कारण आपल्या घरांतील काळी पोत पुष्कळ अंशीं तिच्यांतूनच आली. तिरुपतीजवळ पापानायडुपेट म्हणून एक गांव आहे. तेथील भट्टीवर कांचेचा तापलेला गोळा लोखंडी दांड्यावर घेऊन दगडावर लोळवीत त्यास शंकूचा आकार देतात. मग लांब लोखंडी नळीनें आणि तिच्यांतून घातलेल्या कांबीनें त्यास आंतून पोकळ करितात. हा गोळा पुन्हां भट्टींत जातो, आणि समोरच्या झरोक्याशीं बसलेला माणूस त्याचें टोंक आंकड्यानें धरून ओढूं लागतो. एका हातानंतर दुसरा हात, अशी ती कांचेची पोकळ वात तासचे तास निघत राहते. मग तिचे हातभर तुकडे, त्या तुकड्यांच्या जुड्या बांधून पात्यावर तोडलेले कण, आणि ते कण राखेंत घोळवून पुन्हां ऊन केले म्हणजे धारा मोडून मणी गोल होतात. व्हेनिसची रीत पाहावी तर अगदीं उलट. तेथें पोकळ गोळ्यास दोन बाजूंनीं दोन दांडे चिकटवून दोन माणसें विरुद्ध दिशांस पळत सुटत, कारण कांच निवण्यापूर्वीं काय ती ओढली जाणार. एकीकडे क्षणांची धांवपळ आणि दुसरीकडे बैठक मारून केलेलें दिवसाचें काम. पण निपजणारा मणी नवख्यास सारखाच दिसतो.

१९४५ सालीं मॉर्टिमर व्हीलर यांनीं पुदुच्चेरीजवळ अरिकमेडु येथें उत्खनन केलें. तेथें पुढेंहि खोदकाम होत राहिलें, आणि इसवी सनाच्या आरंभाच्या आसपासचे ओढीव कांचेचे मणी व ते करतांना उरलेला कांचेचा कचरा मुबलक सांपडला. पीटर फ्रान्सिस या अमेरिकन संशोधकानें हा कचरा पापानायडुपेटच्या कामाशीं ताडून पाहिला आणि दोन्हींची रीत मुळांत एकच, असें दाखविलें. आलोक कुमार कानुनगो यांनीं आजच्या भट्ट्यांवर राहून याच विषयाचा पाठपुरावा केला आहे. त्याच्याहि आधीं हें क्षेत्र नांगरणारे गृहस्थ आपल्याकडचे. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनीं डॉ. सांकळिया यांच्या समवेत १९४५–४६ सालीं कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीवर खोदकाम केलें, आणि १९६९ सालीं मुंबई विद्यापीठानें प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत भारतीय कांचेचा सबंध इतिहास मांडला. असल्या मण्यांचा व्यापार आग्नेय आशियापर्यंत व आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत होता. विटकरी रंगाच्या अपारदर्शक ओढीव मण्यांस इंडोनेशियांत ‘मुतिसाला’ म्हणतात आणि तेथें त्यांस अद्याप मोठा मान आहे.

आतां यांतली अडचण वाचकांच्या ध्यानांत आलीच असेल. जी रीत दोन हजार वर्षें न बदलतां चालली, तिचा मणी नुसत्या डोळ्यांनीं पाहून सातवाहनांचा कीं गेल्या दिवाळीचा हें कसें सांगावें? सांगतां येत नाहीं. काळ्या पोतीविषयीं आम्हीं घरीं हेंच सांगितलें. तिच्यांतील मणी ओढीव आहेत, आणि तीव्र उजेडासमोर धरल्यास काळे नसून गर्द जांभळे आहेत, म्हणजे रंग मँगेनीजचा आहे. यापुढें भिंगाची गति नाहीं. प्रयोगशाळेंत क्ष-किरण टाकून, मणी न फोडतां, कांचेंतील द्रव्यें मोजतां येतात. आपल्याकडची जुनी कांच पुष्कळदां ऊषर जमिनीवरच्या खारापासून केलेली असल्यामुळें तिच्यांत ॲल्युमिनाचें प्रमाण मोठें असतें, आणि तेवढ्यावरून ती युरोपांतल्या कांचेपासून वेगळी काढतां येते. एका मंगळसूत्राच्या पोतीसाठीं हा खटाटोप कोण करणार, हा प्रश्न निराळा. प्रसंगानें आठवलें म्हणून सांगतों : हीच काळी कांच १८६१ सालीं राणी व्हिक्टोरियाचे यजमान निवर्तल्यानंतर इंग्लंडांत दुखवट्याचें भूषण म्हणून अतोनात खपली. एकाच जिन्नसाचें एकीकडे सौभाग्य आणि दुसरीकडे वैधव्य!

हिरव्या माळेचा निकाल सर्वांत सोपा निघाला. पैलू घांसून केलेले, भोंकाशीं शिवण असलेले, म्हणजे दाबीव मणी. आणि असले मणी म्हटले कीं पहिली नजर बोहेमियाकडे जाते. त्या प्रांतांतील गाब्लोन्त्स ऊर्फ याब्लोनेत्स या गांवाच्या आसपास घरोघर हा धंदा चाले. पहिल्या महायुद्धापूर्वीं हिंदुस्थानांत येणाऱ्या कांचेच्या बांगड्या व मणी यांचा फार मोठा भाग तेव्हांच्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यांतून येई. युद्धांत तो माल तुटला तेव्हां जपाननें ती बाजारपेठ पटकावली. आमच्या पणजोबांच्या पिढीनें स्वदेशीच्या भरांत विलायती बांगड्यांवर बहिष्कार घातला, तळेगांवास १९०८ सालीं निघालेल्या पैसाफंड कांच कारखान्याचें कौतुक केलें, आणि त्याच घरांत तोरणाच्या पोपटांत व गळ्यांतल्या माळेंत बोहेमिया निर्धास्त नांदत होता! हिरव्या माळेच्या फांसळीवर भिंगाखालीं बारीक अक्षरें लागलीं, तीं रोमन लिपींत ‘चेकोस्लोव्हाकिया’ अशीं. हें राष्ट्र १९१८ सालीं जन्मलें आणि १९९२ च्या अखेरीस विभागलें; तेव्हां त्यापूर्वींची ही फांसळी असूं शकत नाहीं. याउपर चलनी नोटा पारखण्याचा जो जांभळा दिवा असतो त्याखालीं मणी धरतांच ते काजव्यासारखे हिरवे पेटले. ही युरेनियम घातलेल्या कांचेची खूण. बोहेमियांत योसेफ रीडल यानें १८३० नंतर ती कांच प्रचारांत आणली, आणि दुसऱ्या महायुद्धांत युरेनियमवर सरकारी बंधनें आल्यावर तिचें उत्पादन बसलें. पुढें थोड्या प्रमाणांत ती पुन्हां झाली खरी, तथापि दोन्ही साक्षी जुळवून पाहतां माळ दोन महायुद्धांच्या मधल्या काळांतली, असें मानण्यास हरकत नाहीं. धाकट्या काकूंनींच मग सांगितलें कीं, थोरल्या काकूंच्या लग्नांत त्यांच्या मामांनीं मुंबईहून एक हिरवी माळ आणली होती खरी.

या यशानें आमचा हुरूप वाढला, आणि मग आम्हीं लाल माळ हातीं घेतली.

लाल रंग कांचेंत आणणें हें फार कठीण काम. पूर्वीं तो तांब्यानें किंवा सोन्यानें आणीत. महागडी लाल कांच वांचविण्याकरितां व्हेनिसच्या लोकांनीं ओढीव मण्यांस आंत एका रंगाचा गाभा व वरून लाल पापुद्रा देण्याची युक्ति योजिली. त्यांतील जुन्या मण्यांचा गाभा हिरवट आणि वरचा थर विटकरी असतो. हा प्रकार साधारणतः १८३० च्या सुमारास मागें पडला. त्यानंतर पांढऱ्या गाभ्याचे, वरून माणकासारखे पारदर्शक लाल मणी आले. आणि १८९० च्या पुढें सेलेनियम या मूलद्रव्यानें भडक, कुंकवासारखी लाल कांच करण्याची रीत निघाली. सोन्याच्या लालींत किंचित् जांभळी छटा असते, सेलेनियमच्या लालींत नारिंगी. एकदां शेजारीं शेजारीं पाहिलें म्हणजे पुन्हां डोळा चुकत नाहीं. असे मणी व्यापारी पुठ्ठ्यावर शिवून नमुने म्हणून पाठवीत. लंडनच्या मोझेस लेविन या व्यापाऱ्याचीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचीं नमुनापत्रें ब्रिटिश म्युझियममध्यें आहेत व त्यांचीं चित्रें छापलेलीं आहेत. ताडून पाहण्यास त्यांचा उपयोग फार होतो.

लाल माळेंत चौऱ्यायशीं मणी. आम्हीं दोरा न तोडतां, एकेक मणी सरकवून, दोन रात्री ते पाहिले. दोरा न तोडण्याचें कारण आहे. काकूंचीच एक पोंवळ्यांची म्हणविणारी माळ पूर्वीं एका दुकानीं नव्यानें ओंवावयास दिली होती. त्यानें जुना दोरा फेंकून दिला, गांठी गेल्या, मणी लहानमोठ्या क्रमानें लावून दिले, आणि त्यांत दुसऱ्याच कोणाच्या माळेचे चार मणी येऊन बसले. मण्यांचा क्रम व दोरा हेहि साक्षीदार असतात. ज्यांना ओंवणें भागच असेल त्यांनीं आधीं छायाचित्र घ्यावें आणि जुना दोरा पाकिटांत घालून ठेवावा. मणी पाण्यांत भिजत घालूं नयेत, हेंहि येथेंच सांगून टाकूं. कित्येक जुन्या कांचेंत चुन्याचें प्रमाण कमी असतें, ती दमट हवेंत पाझरूं लागते आणि चिकट होते. कोंकणांतल्या पावसाळ्यांत मणी ‘घामेजले’ असें म्हणतात तें पुष्कळदां हेंच. कोरड्या मऊ फडक्यानें पुसावे, आणि पितळी डब्यांत कोंडून न ठेवतां कापडांत ठेवावे.

चौऱ्यायशींपैकीं सव्वीस मणी नारिंगी झांक असलेल्या भडक लाल रंगाचे भरले. म्हणजे माळ आज जशी आहे तशी १८९० च्या आधीं ओंवली गेलेली असणें शक्य नाहीं. पंचावन्न मणी पांढऱ्या गाभ्याचे, माणकी लाल. ते १८३० च्या पुढचे. पेशवाई १८१८ त बुडाली. व्यापाऱ्याचीं दोनशें वर्षें आणि काकूंचा बाजीराव, दोन्ही एकदमच गेले. झीज पाहिली तर ती खरी होती. शेजारच्या मण्यावर घांसून भोंकाच्या कडा सपाट झालेल्या, आणि दोऱ्यानें एका बाजूस खोबण पाडलेली. वाळूंत घोळवून म्हातारे केलेले मणी सर्वत्र सारखे मंद दिसतात, त्यांतला हा प्रकार नव्हे. माळ कोणी तरी पुष्कळ वर्षें खरोखर गळ्यांत घातलेली होती. पण ती पेशवाईंतली नव्हती.

बाकीचे मणी तीन. आठवा, एकोणिसावा आणि चाळिसावा. विटकरी, इतरांहून किंचित् ठेंगणे, आणि टोंकाशीं भिंग नेलें तर गाभा हिरवा.

हें सर्व आम्हीं एका संध्याकाळीं माजघरांत वाचून दाखविलें. पुतण्याचा चेहरा उतरला. धाकट्या काकू निरांजनाच्या वाती वळीत होत्या. त्यांनीं हात थांबविला नाहीं. ‘अरे, तुझ्या भिंगाला रंग दिसतात, गाभा दिसतो, साठ वर्षें बाईंनीं सांगितलेलें मात्र खोटें, असेंच ना?’ आम्हीं म्हटलें, ‘काकू, माळ तितकी जुनी नाहीं एवढेंच मी म्हणतों. ते तीन मणी तितके जुने असूं शकतील.’ ‘म्हणजे ते वाणांतले?’ याचें उत्तर आमच्याजवळ नव्हतें व आजहि नाहीं. व्यापाऱ्याच्या कोठारांत जुना माल वीस-तीस वर्षें पडून राहूं शकतो. तेव्हां हिरव्या गाभ्याचा मणी १८५० सालींहि कोणीं विकत घेतला असेल. उलटपक्षीं, जुनी माळ तुटावी, मणी हरवत जावे, आणि उरलेले तेवढे कोण्या सुनेनें नव्या माळेंत हट्टानें ओंवून घ्यावे, हें आमच्या घरच्या सुनांचा स्वभाव पाहतां अगदींच अशक्य वाटत नाहीं. मणी कोणाच्या हातून आला हें मण्यावर लिहिलेलें नसतें. तें सांगणारी काकूंची कथाच काय ती होती, आणि तिच्यांतला सन आम्हीं नुकताच खोडून काढला होता. त्या रात्रीं आम्हांस थोडें अपराध्यासारखें वाटलें, हें कबूल करतों.

पुतण्या दुसऱ्या दिवशीं त्या व्यापाऱ्याकडे गेला आणि आम्हीं लिहिलेलें टांचण त्यानें प्रामाणिकपणें पुढें ठेवलें. व्यापाऱ्यानें किंमत एकतृतीयांशावर आणली, आणि ते तीन मणी काढून वेगळे देत असाल तर त्यांचे निराळे पैसे देईन, असें सांगितलें. पुतण्यानें माळ खिशांत घातली आणि घरीं येऊन ती काकूंच्या हातीं दिली. कौलांकरितां सर्वांनीं वर्गणी काढावयाचें ठरलें आहे. आमच्या वांट्यास आलेली रक्कम येथें सांगण्याजोगी नाहीं.

पुरचुंडींत आतां एक चिठ्ठी आहे. वरच्या अर्ध्या भागांत धाकट्या काकूंनीं थोरल्या काकूंची कथा त्यांच्याच शब्दांत लिहिली आहे. खालीं आम्हीं मण्यांची नोंद केली आहे, क्रमांकांसह. या श्रावणांत नव्या सुनेनें मंगळागौरीस लाल माळ घातली. दोरा जुना असल्यामुळें झिम्मा सुरू होण्यापूर्वीं काकूंनीं ती तिच्या गळ्यांतून उतरवून घेतली.